चहा पाजून दिलेला नकार



गेट मीटिंगला आम्ही पगारावर बोलतो, ठेकेदारीवर बोलतो, पेन्शनवर तर घसा बसेपर्यंत बोलतो. घरांच्या दलालावर मात्र आजवर एकदाही बोललो नाही. तो ज्याचा त्याचा खाजगी मामला, असे आम्ही धरून चाललो. क्वार्टर असेपर्यंत ते चाललेही. पण नोकरी संपली की प्रत्येक रेल्वे आणि टपाल कामगाराला कॉलनीच्या फाटकाबाहेर पडून बाजारात उभे राहावे लागते, आणि तिथे सिनिऑरिटी लिस्ट लावलेली नसते. तिथे काय लावलेले असते ते गेल्या वर्षी आम्ही डोळ्यांनी पाहिले. म्हणून हे लिहिणे.

आमची शाखा वडोदऱ्याची. इथे मराठी माणूस गायकवाडांच्या काळापासून आहे, रेल्वेतही पुष्कळ. लोको शेडमधले आमचे एक साथी, मूळ विदर्भातले, बौद्ध, तेहतीस वर्षांची नोकरी, एकही चार्जशीट नाही, मे महिन्याच्या अखेरीस निवृत्त झाले. निवृत्तीनंतर क्वार्टर चार महिने नेहमीच्या भाड्याने ठेवता येते. पुढे आजारपण किंवा मुलांचे शिक्षण दाखवून आणखी काही महिने जादा दराने. त्यानंतर दंडाचा दर. आणि चावी परत केल्याशिवाय ग्रॅच्युइटी हातात पडत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे घर मिळाले नाही तर ग्रॅच्युइटी अडकते आणि ग्रॅच्युइटी अडकली की घराचे डिपॉझिट भरता येत नाही. हा फास गळ्यात घेऊन माणूस दलालाच्या दुकानात पाय ठेवतो तेव्हा त्याचा आवाज आधीच खाली गेलेला असतो.

आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. दुकान छान होते. काचेचा दरवाजा, थंड हवा, भिंतीवर देवाची तसबीर, टेबलावर चाव्यांचे जुडगे. दलालाने उठून नमस्कार केला. 'आवो साहेब, बेसो.' पाणी आले, मागोमाग चहा आला. किती माणसे, कोणता मजला, लिफ्ट पाहिजे का, भाडे कितीपर्यंत, हे सगळे त्याने आपुलकीने विचारले. मग चहाचा कप उचलून, जणू हवापाण्याची चौकशी करावी तसे विचारले, 'तमे केवा?'

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो. 'केवा' म्हणजे 'कसे' किंवा 'कोणत्या प्रकारचे'. 'तमे केवा' म्हणजे तुमची जात कोणती. जात हा शब्द न उच्चारता जात विचारायची ही पद्धत. आपल्याकडे हेच काम 'आडनाव काय?', 'मूळ गाव कुठलं?', 'तुमच्यात नॉनव्हेज चालतं का?' हे प्रश्न करतात. तेव्हा गुजराती माणसाला नावे ठेवायचे कारण नाही, हत्यार तेच आहे, फक्त मूठ वेगळी.

आमच्या साथींनी उत्तर दिले, 'अमे रेल्वेवाळा.' दलाल हसला. 'ए तो बराबर, पण केवा?' साथींनी आडनाव सांगितले. आणि इथे नीट लक्ष द्या, दलालाच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. त्याने बिस्किटांची बशी पुढे सरकवली. डायरीत नंबर लिहून घेतला. दोन मालक बाहेरगावी आहेत, आले की फोन करतो, म्हणाला. दरवाजापर्यंत सोडायला आला आणि 'आवजो' म्हणाला. फोन आजतागायत आलेला नाही.

परतताना आमच्याबरोबरचा एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, 'माणूस फार सभ्य होता हो.' साथी काही बोलले नाहीत. आम्हीही त्या दिवशी गप्पच राहिलो.

दुसऱ्या दिवशी युनियन ऑफिसात आम्ही एक उद्योग केला. वर्तमानपत्रातली एक जाहिरात घेतली, दोन खोल्यांचे घर, स्टेशनपासून जवळ. सकाळी अकराला साथींनी फोन लावला, नाव-आडनाव सांगितले. उत्तर आले, कालच गेले. अर्ध्या तासाने आमच्यातल्या दुसऱ्या एकाने फोन लावला. तेच शेड, तीच श्रेणी, पगारपत्रक जवळजवळ सारखे. फक्त आडनाव देशपांडे-कुलकर्ण्यांच्या घराण्यातले. त्याला उत्तर आले, संध्याकाळी बघायला या, चावी माझ्याकडेच आहे. अर्ध्या तासात गेलेले घर परत आले. असे आम्ही आणखी चार ठिकाणी केले. एका ठिकाणी दोघांनाही बोलावले, तीन ठिकाणी पहिल्यालाच नकार. नकार एकानेही उद्धटपणे दिला नाही. सगळे 'सॉरी साहेब' म्हणाले.

आम्हाला वाटले, आम्ही काही नवा शोध लावला. नंतर एका प्राध्यापक मित्राने सांगितले की हेच काम शास्त्रशुद्ध रीतीने झालेले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष डॉ. सुखदेव थोरात, आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, यांनी सहकाऱ्यांसह दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांसाठी असेच फोन करून आणि प्रत्यक्ष माणसे पाठवून पाहणी केली. ती २०१५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त छापून आली. उच्चवर्णीय हिंदू नावाला जवळजवळ सगळीकडे दार उघडले, दलित नावाला त्याहून कमी, मुसलमान नावाला सर्वांत कमी. शिवाय काही जणांना घर मिळाले ते जादा अटी घालून.

आता त्या सभ्यतेकडे येऊ, कारण आमचे भांडण तिच्याशीच आहे.

वडोदरा स्टेशनातून बाहेर पडून चालत जाल तर सयाजीबाग लागते. जुन्या लोकांची कमाठीबाग. १९१७ च्या सप्टेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर, अमेरिका-इंग्लंडात शिकून आलेला तरुण, संस्थानच्या नोकरीसाठी या शहरात उतरले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नव्हती. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणून धमकावून गेला. ही हकिगत आपण भाषणांतून ऐकलेली असते. पण तिचा पुढचा भाग वक्ते बहुधा सोडून देतात. त्या दिवशी बाबासाहेब दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघे सुशिक्षित, दोघे स्नेही. हिंदू मित्र हळहळला, पण म्हणाला की तू माझ्या घरी आलास तर नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला की बायको उद्या येणार आहे, तिला विचारल्याशिवाय सांगता येत नाही. मग बाबासाहेब बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. स्वतः त्यांनीच हे लिहून ठेवले आहे. काठ्यावाल्यांनी धर्मशाळा सोडायला लावली, पण शहर सोडायला लावले ते त्या दोन सभ्य नकारांनी.

मालक बाहेरगावी आहेत, सोसायटीला विचारावे लागेल, घरात म्हातारी माणसे आहेत, ही आजची वाक्ये त्याच जातीची आहेत. त्यात शिवी नाही, म्हणून तक्रार नाही. साक्षीदार नाही, म्हणून पुरावा नाही. ज्याला नकार मिळाला तोच 'थँक्यू' म्हणून बाहेर पडतो. शिवी देणाऱ्याशी भांडता येते. चहा पाजणाऱ्याशी भांडायला गेले तर आपणच उर्मट ठरतो. म्हणून आम्ही म्हणतो की ही सभ्यता भेदभावाच्या बरोबरीने चालणारी, त्याला तेलपाणी करणारी गोष्ट आहे.

पण दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आमची स्वतःची एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर पुढचे बोलायचा हक्क राहणार नाही. २००६ साली आमची बदली झाली, क्वार्टर मिळायला वर्ष लागणार होते. दलालाने विचारले, 'वेजिटेरियन?' आम्ही तत्काळ म्हणालो, 'प्युअर.' घर मिळाले. वर्षभर अंडी कॅन्टीनमध्ये खाल्ली आणि सुके बोंबील गावाहून आले की रनिंग रूममधल्या मित्राकडे भाजून घेतले. तेव्हा आम्हाला ती गंमत वाटायची. आज वाटत नाही. ते 'प्युअर' म्हणताना आम्ही दलालाला काय सांगितले? आम्ही तसले नव्हे, एवढेच. म्हणजे 'तसले' कोणीतरी आहेत आणि त्यांना घर न देणे बरोबर आहे, हे आम्ही सही करून मान्य केले. आमच्या मागून त्याच जिन्यावर येणाऱ्या साथीच्या तोंडावर दार आम्हीच ओढून घेतले.

शाकाहाराचा मुद्दा काही साथी प्रामाणिकपणे मांडतात. वास सहन होत नाही, त्यात जात कुठे आली, म्हणतात. तर मग एक करा. भाडेकरूला अट घाला की या घरात मांसमच्छी शिजवायची नाही, आणि जो ती मान्य करील त्याला घर द्या, मग तो कोणीही असो. असे करणारा घरमालक आम्हाला अजून भेटायचा आहे. अट पाळायला तयार असलेल्या माणसालाही आडनाव ऐकून परत पाठवतात, तेव्हा प्रश्न स्वयंपाकघराचा राहात नाही.

आता जे सांगायचे आहे ते सांगायला आम्हाला जड जाते.

आमच्या शाखेतला एक गार्ड, २०२२ पासून ज्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात त्यांतला, भुसावळचा, मुसलमान, मराठी शाळेत शिकलेला. स्वतःच्या विनंतीवरून मध्य रेल्वेत बदली घेऊन कल्याणला गेला. सासर तिथले, मुलांच्या शाळेची सोय. घर बघायला आम्ही एक दिवस बरोबर गेलो, कारण आमचा तिकडे थोडा परिचय. दलाल तरुण मराठी पोरगा, दारात मोटरसायकल, बोलणे लाघवी. 'काका, फ्लॅट तुमचाच समजा. मालक एकदम सज्जन, पोस्टातले रिटायर्ड.' मग नाव विचारले. मग कान खाजवला. 'काका, राग मानू नका. मला व्यक्तिशः काहीच नाही हो. पण मालकांनी आधीच सांगून ठेवलंय.'

मालकाचे नाव आम्ही खोदून काढले. आर.एम.एस.मधले निवृत्त सॉर्टर निघाले. आपल्याच महासंघाचे जुने सभासद. आमच्या चांगल्या ओळखीचे. २००० च्या डिसेंबरात टपाल कामगारांचा देशभर संप झाला तेव्हा प्लॅटफॉर्मवर सभा घेणाऱ्यांत हे होते, आणि त्या सभेला पाठिंबा द्यायला आम्ही रेल्वेवाले गेलो होतो. आम्ही फोन लावला.

'दादा, फ्लॅट द्यायचाय म्हणे?'

'हो हो. कुणी आहे का आपला?'

'आपलाच आहे. गार्ड आहे, तेवीस वर्षं युनियनचा सभासद.' आणि नाव सांगितले.

थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग म्हणाले, 'मी कुठं नाही म्हटलं? मी फक्त त्या पोराला सांगितलं होतं, आपल्यातलं बघ.'

'आपल्यातलं म्हणजे कोण, दादा?'

'तुम्ही समजून घ्या हो. सोसायटीतले लोक बोलतात. उद्या विकायला काढला तर भाव येत नाही. बायको पण...'

बायको पण! १९१७ च्या वडोदऱ्यातली तीच बायको.

'आपल्यातलं' या शब्दावर आमचे आयुष्य उभे आहे, म्हणून आम्हाला तो असा वापरलेला सोसत नाही. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला तेव्हा आम्ही सहा वर्षांचे होतो. वडील संपात. एका दुपारी क्वार्टरमधले सामान बाहेर काढले. आठवते ते एवढेच की आईने स्टो पदराखाली धरला होता. त्या रात्री ज्यांनी आम्हाला घरात घेतले ते वडिलांच्याच शेडमधले एक मुसलमान फिटर होते. त्यांच्या बायकोने केवा विचारले नाही. तिच्या घरी आम्ही पंधरा दिवस जेवलो.

तेव्हा दलालाला शिव्या घालून हात झटकणारे साथी आम्हाला मान्य नाहीत. दलाल कोण आहे? महिन्याच्या भाड्याएवढ्या दलालीवर जगणारा, दिवसभर जिने चढउतार करणारा, बहुतेक वेळा आपल्याच पोरांच्या वयाचा बेरोजगार. तो नवा कायदा करत नाही. मालक जे कानात सांगतो तेच तो गोड आवाजात बाहेर बोलतो. आणि आज हे मालक कोण आहेत? कल्याण, बदलापूर, डोंबिवली, नाशिक रोड, भुसावळ, नागपूरची अजनी, इकडे वडोदरा, सुरत, इंदूर, कुठेही जा. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीतून घेतलेला एक जास्तीचा फ्लॅट भाड्याने देणारा निवृत्त रेल्वेवाला किंवा टपालवाला प्रत्येक गल्लीत आहे. भांडवलदार, बिल्डर यांचे पाप मोठे आहेच. पण त्या दिवशी फोनवर बिल्डर नव्हता.

२०२३ च्या सप्टेंबरात मुंबईत मुलुंडला एका मराठी बाईला मराठी म्हणून कार्यालयाची जागा नाकारली. तिचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. आपले रक्त तापले आणि ते तापायलाच हवे होते. आमच्या वडोदऱ्याच्या कॅन्टीनमध्येही त्यावर तासभर चर्चा झाली. सर्वांत जोरात जे बोलले त्यांपैकी एकाचा बंद फ्लॅट महाराष्ट्रात आहे आणि त्याच्या दलालाला त्याने काय सांगून ठेवले आहे ते आम्हाला ठाऊक आहे. मराठीपणावर घाव बसला की अन्याय, आणि आपण मुसलमानाला, बौद्धाला, मातंगाला, उत्तर भारतीयाला दार लावले की ती आपली मर्जी, हा कोणता न्याय?

'घर माझे, मर्जी माझी' हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. साथी, ते घर तुमचे कसे झाले ते आठवा. ज्या नोकरीतून ते आले ती तुम्हाला मर्जीवर मिळाली नाही, परीक्षेतून, यादीतून, रोस्टरमधून मिळाली. क्वार्टर मिळाले तेव्हा टाइप आणि तारीख बघितली गेली, आडनाव नव्हे. घरभाडे भत्ता जानेवारी २०२४ पासून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मूळ पगाराच्या ३० टक्के, वडोदरा-नागपूर-नाशिकसारख्यांत २० टक्के झाला तो सगळ्यांना सारखा. सरकारकडून घेताना सारखेपणा आणि भाड्याने देताना मर्जी, असे दोन तराजू एका कामगाराच्या हातात शोभत नाहीत.

कायदा काय म्हणतो? आम्ही मॅट्रिक झालेली माणसे, वकील नव्हे, पण वाचून काढले. नागरी हक्क संरक्षणाचा १९५५ चा कायदा अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास किंवा राहण्यास अडवणे हा गुन्हा मानतो. पण चहा पाजून दिलेल्या नकारात अस्पृश्यता सिद्ध कशी करणार, आणि मुसलमान साथीला तर तो कायदा लागूच नाही. २०१६ च्या रेरा कायद्याने दलालाला नोंदणी सक्तीची केली, परंतु ती नव्या प्रकल्पांतल्या विक्रीपुरती. भाड्याचा दलाल त्यातून सुटला. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. त्यात डिपॉझिटला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा घातली, हे चांगले. पण जात-धर्म बघून भाडेकरू नाकारू नये असे कलम आम्हाला त्यात सापडले नाही. आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा तिचा उपविधी वैध ठरवला. मूठभर उरलेल्या समाजाची चिंता आम्ही समजू शकतो. पण त्या दाराने पुढे कोणकोण आत शिरेल याची काळजी आम्हाला वाटते.

इथे एक गोष्ट मात्र आम्हाला फार मोलाची वाटली. घटनेचे कलम १५ (२) सांगते की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला दुकानात जाण्यास मज्जाव करता येणार नाही. हे बंधन सरकारपुरते नाही, नागरिकांवरही आहे. २९ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत विचारणा झाली की दुकान म्हणजे काय. बाबासाहेबांनी खुलासा केला की हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे, जो कोणी मोबदला घेऊन सेवा देण्यास बसला आहे तो त्यात आला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खाजगी कॉलेजच्या प्रवेशाच्या खटल्यात याच व्यापक अर्थाचा आधार घेतला. मग काचेचा दरवाजा लावून, पाटी टांगून, दलाली घेऊन घरे दाखवणारा माणूस दुकानदार नाही तर कोण? महासंघाने चांगला वकील देऊन हा मुद्दा न्यायालयात न्यावा, आणि त्याच वेळी भाड्याच्या घरांतील भेदभावाविरुद्ध केंद्रीय कायदा मागावा. मागणीपत्रात वीस कलमे असतात, त्यात हे एकविसावे घाला.

'सोसायटीचा नियम आहे' या वाक्याला तर मुळीच भिऊ नका. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीप्रमाणे सभासदाने सदनिका भाड्याने देताना संस्थेला आगाऊ कळवायचे असते, परवानगी मागायची नसते. बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर घेता येत नाही, हा २००१ चा सरकारी आदेश आहे. नियम आहे म्हणणाऱ्याला एवढेच म्हणा, 'साहेब, नियमाची प्रत द्या.' प्रत निघत नाही, असा आमचा अनुभव.

दलालाकडे जाताना एकटे जाऊ नका. आमच्यातले काही जण तिथे जाऊन टेबलावर हात आपटतात. त्याने काही होत नाही, उलट 'रेल्वेवाले भांडखोर' हा नवा शिक्का बसतो. नमस्काराला नमस्कार करा, चहा दिला तर प्या. पगारपत्रक किंवा पेन्शनचा आदेश पुढे ठेवा, कारण भाडे वेळेवर मिळेल की नाही एवढाच खरा प्रश्न मालकाला विचारायचा हक्क आहे. 'केवा' आले की आमच्या साथींनी दिले तेच उत्तर द्या, आणि ज्यांच्या आडनावाला कधी अडथळा येत नाही त्यांनी तर ते आधी द्यावे. आपण शाकाहारी आहोत, अमक्या जातीचे आहोत, हे न विचारता सांगत सुटू नका. नकार आला तर तारीख, वेळ आणि वापरलेले शब्द त्याच दिवशी लिहून शाखेकडे द्या. खोटे आडनाव सांगून घर घेणाऱ्या साथीला आम्ही दोष देणार नाही. बाबासाहेबांनाही याच शहरात ते करावे लागले होते. पण त्याच्यावर ती वेळ आणणारे आपण असू नये.

विदर्भातल्या त्या साथींना शेवटी घर मिळाले. सव्वातीन महिन्यांनी, आमच्याच शाखेतल्या एका पार्सल क्लार्कच्या वहिनींनी वरचा मजला दिला. दलाली लागली नाही. भुसावळचा गार्ड अजून कल्याणला सासऱ्यांच्या दोन खोल्यांत सहा माणसांत राहतो आणि रात्रपाळी करून आल्यावर दिवसा झोपायला रनिंग रूममध्ये जातो. दादांचा फ्लॅट आम्ही हे लिहीपर्यंत रिकामाच होता.

शाखेच्या सर्वसाधारण सभेत आम्ही ठराव मांडला. ज्या सभासदाचे घर भाड्याने द्यायचे आहे त्याने ते आधी युनियन ऑफिसच्या फलकावर लिहावे, आणि भाडेकरूची जात किंवा धर्म विचारणार नाही, दलालालाही विचारू देणार नाही, अशी सही करावी. दीड तास वादावादी झाली. आवाज चढले, एक जण उठून गेला. ठराव मंजूर झाला. अकरा जणांनी हात वर केले नाहीत. त्यांतले चौघे घरमालक आहेत. त्यांच्या घरी जाण्यासाठी आम्ही पुढच्या रविवारपासून वेळ ठरवली आहे, आणि वरचा मजला देणाऱ्या त्या वहिनी आमच्याबरोबर यायला तयार झाल्या आहेत.